मेलबर्नमध्ये चांगलं ग्रीक जेवण कुठे मिळेल? (आई शाकाहारी, बाबा मटणवाले)

यारावाकाठी
मंडळी, मदत हवी आहे. आईबाबा मार्चमध्ये पुण्याहून येतायत. बाबांनी आधीच बजावलंय की क्लेटनमधल्या डोसा-थाळीच्या दुकानांत पाऊल टाकणार नाही, ग्रीक जेवायचंय. (निवृत्तीनंतर दिवसभर खाद्यभ्रमंतीचे व्हिडिओ बघतात, त्याचा परिणाम.) ग्रीसबाहेर सगळ्यात जास्त ग्रीक वस्ती असलेल्या शहरांत मेलबर्नचं नाव येतं, म्हणजे हॉटेलांना तोटा नाही. गोची निवडीची आहे. नेटवर सगळ्यांनाच साडेचार तारे, आणि फोटोत सगळीकडे निळ्या खुर्च्या, पांढऱ्या भिंती नि बोगनवेल.

बाबांना मटण हवं, गाय-डुक्कर चालत नाही. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिनं पिटा आणि हुमस खाऊन पोट भरावं असं मला नकोय. बाबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे फार गोंगाटही नको. आता बोला.

खादाडराव
ओकली. ईटन मॉल. विषय संपला.

टिल्लू
खादाडरावांना अनुमोदन. क्लेटनहून ट्रेनने दोनच स्टेशनं, मधे फक्त हंटिंगडेल. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत मॉल. संध्याकाळी टेबलं बाहेर मांडलेली असतात, आजोबा लोक कॉफीवर तासन् तास गप्पा छाटत असतात. तुमच्या बाबांना वातावरण आवडेल.

पेठकर_मेलबर्नकर
वातावरण आवडेल हो, पण जेवणाचं काय? ईटन मॉल ही मुळात कॉफी-केकची जागा आहे. तिथं जाऊन गालाक्तोबुरेको (पाकातली कस्टर्डची पेस्ट्री) खा, फ्रापे (फेसाळ थंड कॉफी) प्या, रमतगमत घरी या. पोटभर जेवायला गावात लॉन्सडेल स्ट्रीटला जायचं. कोपऱ्यावरचं स्टॅलॅक्टाइट्स १९७८ पासून आहे. छताला खरोखर लवणस्तंभांसारखं काम केलंय, आत गेलं की गुहेत बसल्यासारखं वाटतं. रात्री उशिरा तिथली रांग बघा एकदा.

टिल्लू
रात्री उशिरा रांगेत सत्तरीच्या आईबाबांना उभं करू? :)

पेठकर_मेलबर्नकर
संध्याकाळी सहाला न्या की. ग्रीक माणूस त्या वेळेला दुपारची झोप काढून उठलेला असतो, टेबल हमखास मिळतं.

भोचकभवानी
मुळात नावं विचारण्यापेक्षा ओळखायचं कसं ते शिका, म्हणजे पुन्हा धागा काढावा लागणार नाही. माझी एक साधी परीक्षा आहे: सॅलड मागवा. ग्रीक सॅलडमध्ये लेट्यूसची पानं निघाली की पैसे देऊन उठा. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी मिरची (म्हणजे ढोबळी), ऑलिव्ह, आणि वर फेटा चीजची अख्खी वडी, त्यावर ओरेगानो नि भरपूर तेल. बास. फेटा कुस्करून वर शिंपडलेला असेल तरी मी संशयाने बघते.

कोल्हापुरी_ठसका
सॅलडवरून हॉटेल ठरवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय. अहो, कोळशाचा वास येतोय का बघा. रस्त्यावरून येतानाच आला पाहिजे. गॅसच्या तव्यावर परतलेलं मटण आणि निखाऱ्यावर भाजलेलं मटण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओकलीत चेस्टर स्ट्रीटवर कालिमेरा आहे, तिथलं सुव्लाकी (सळईवर भाजलेलं मांस) खाऊन बघा, मग बोला.

भोचकभवानी
कालिमेराची ख्याती पोर्कसाठी आहे. धाग्याचं शीर्षक आणि पहिला प्रतिसाद वाचायची पद्धत आहे इथं.

कोल्हापुरी_ठसका
चिकनही मिळतं की! बरं, चुकीचा पत्ता दिला असं समजा, पण कोळशाचा मुद्दा सोडत नाही.

गवतीचहा
विद्यार्थी असताना मी एका ग्रीक कुटुंबाच्या हॉटेलात भांडी घासायचे, नंतर बढती मिळून भाज्या चिरायला लागले. नाव सांगत नाही, ते आता बंद झालंय. तिथं जे कळलं ते लिहिते, लांबेल.

वरच्या सगळ्यांनी मटणाची चर्चा केली. मटण जवळपास सगळीकडे बरं मिळतं, कारण या देशात लॅम्ब चांगलंच आहे आणि त्यावर लिंबू, ओरेगानो, मीठ याशिवाय काही करायचं नसतं. हॉटेलाची खरी परीक्षा तेलातल्या भाज्यांत होते. त्यांना लादेरा म्हणतात. फरसबी, भेंडी, वांगं, बटाटा, झुकिनी, टोमॅटो, कांदा आणि ऑलिव्ह तेल, असं सगळं मंद आचेवर शिजवत ठेवायचं, पाणी आटून फक्त तेल उरेपर्यंत. आमच्या हॉटेलातली म्हातारी सकाळी आठला हे चढवायची आणि दुपारी तसंच झाकून ठेवायची. हे पदार्थ कोमटच वाढतात. गरम करून मागितलं की ती रागवायची. ज्या हॉटेलाला फक्त गिऱ्हाईक फिरवायचंय ते या भानगडीत पडत नाही. चिरण्यात वेळ जातो आणि विकून पैसे कमी मिळतात. म्हणून मेनूत फासोलाकिया (फरसबी), बामिएस (भेंडी), ब्रियाम (मिश्र भाजी), यिगांतेस (मोठे पांढरे वाल, टोमॅटोत भाजलेले) यांतले दोन-तीन तरी दिसले, की समजा आत कुणीतरी स्वयंपाक करतंय.

आणि यारावाकाठी, तुमची आई फार योग्य वेळी येतेय. मार्च म्हणजे ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास, सराकोस्ती. कडक पाळणारे ऑर्थोडॉक्स लोक तेव्हा मांस, अंडी, दूध, चीज, मासे काहीच खात नाहीत. काही जण तर तेलसुद्धा शनिवार-रविवारीच. त्यामुळे चांगल्या हॉटेलांत या दिवसांत उपवासाचे वेगळे पदार्थ लावतात. एरवीही बुधवार-शुक्रवार उपवासाचे असतात. वेटरला 'निस्तीसिमो' (उपवासाचं) हवं म्हणून सांगा, म्हणजे अंडं, दूध, मांस तिन्हीचा प्रश्न एका दमात सुटेल.

नास्तिक_नारायण
म्हणजे आपल्याकडे चतुर्थीला साबुदाण्याची थाळी लावतात तसं. उपवास आला की हॉटेलवाल्याची चंगळ, जगात सगळीकडे सारखंच.

गवतीचहा
एक धोका सांगायचा राहिला! निस्तीसिमो म्हटलं की कोळंबी, कालमारी, ऑक्टोपस चालतात. रक्त नसलेले प्राणी असा हिशोब आहे. आईंच्या ताटात उपवासाचं म्हणून ऑक्टोपस येऊ शकतो. तेव्हा 'समुद्रातलंही काही नको' हे वेगळं सांगा.

टिल्लू
उपवासाला ऑक्टोपस!! हे मी आता आजीला सांगणार.

शेवंती_जर्सी
मी न्यू जर्सीत असते, पण आमच्याकडचे सगळे ग्रीक खायला न्यूयॉर्कमधल्या अस्टोरियाला जातात, तिथला अनुभव आहे म्हणून लिहिते. शाकाहाऱ्यांना फसवणारे तीन पदार्थ लक्षात ठेवा. पहिला तारामासालाता: फिकट गुलाबी, मऊ, ब्रेडला लावून खायचा, दिसतो बिचारा निरागस, पण माशाच्या अंड्यांचा असतो. मिश्र डिपच्या ताटलीत तो हटकून असतो. दुसरा दोल्मादेस, द्राक्षाच्या पानातले भात भरलेले मुटके. थंड, लिंबू-तेलातले असतील तर बहुतेक वेळा बिनमांसाचे. गरम असतील आणि वर पिवळसर सॉस असेल तर आत खिमा आणि सॉसमध्ये अंडं असतं. तिसरा पालक भरलेली खारी पेस्ट्री, स्पानाकोपिता. आत फेटासोबत अंडंही फोडून घालतात. उपवासाच्या दिवसांतली तेवढी बिनअंड्याची.

पेठकर_मेलबर्नकर
उपयुक्त. पण फेटाचं काय करणार? पारंपरिक फेटाला कोकराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पाचकरस) लागतं. कडक शाकाहारी माणसाला ते चालू नये.

भोचकभवानी
झालं सुरू. मग पिझ्झ्यावरचं पार्मेजानही सोडा.

पेठकर_मेलबर्नकर
मी सोडलंय. प्रश्न तुमच्या-माझ्या पसंतीचा नाही, त्या आईंना सांगायचं की नाही, एवढाच.

यारावाकाठी
आई पनीर-चीज खाते, रेनेटची चौकशी तिनं कधी केली नाही. मीही तिला आत्ता या वयात ती देणार नाही. पण पेठकरांचं बरोबर आहे, ज्यांना पाळायचंय त्यांनी विचारावं. लादेरात चीज नसतंच, तो मार्ग मोकळा.

कोल्हापुरी_ठसका
बाबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट कुणी बोललं नाही. मूसाका (वांगी-खिम्याचे थर) किंवा पास्तित्सियो (पास्ता-खिम्याचे थर) मागवलं तर खिमा कशाचा ते विचारा. पास्तित्सियोत बहुतेक ठिकाणी बीफच असतं, मूसाकात लॅम्ब किंवा बीफ किंवा दोन्ही. केफ्तेदेस म्हणजे त्यांचे कबाब, त्यात बीफ-पोर्क मिसळतात. यीरोससाठी मांसाचा जो उभा खांब भाजत असतात तो पोर्कचा की चिकनचा की लॅम्बचा, तेही विचारून घ्या. निर्धास्त हवं असेल तर लॅम्बची चॉप्स किंवा ओव्हनमध्ये चार-पाच तास ठेवलेला खांदा. हाड दिसतं, शंका उरत नाही.

खादाडराव
ठसका, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

मुशाफिर_जुना
मी इथं १९८० च्या दशकात आलो. तेव्हा लॉन्सडेल स्ट्रीट म्हणजे ग्रीकांचं गाव होतं. रसेल आणि स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या मधला पट्टा, एका रांगेत हॉटेलं, केकची दुकानं, रेकॉर्डची दुकानं, ट्रॅव्हल एजंट. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्याचं कारण साधं आहे. १९५२ साली ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसचा स्थलांतराचा करार झाला, महायुद्ध आणि यादवी युद्धाने कंबरडं मोडलेल्या खेड्यांतली पोरं जहाजाने इथं उतरली, फॅक्टरीत लागली. एकटी पोरं, घर नाही, स्वयंपाक येत नाही, म्हणून गावात खाणावळी आणि कॉफीघरं. मग लग्नं झाली, ओकली-नॉर्थकोट-थॉर्नबरीकडे घरं घेतली, नि जेवण घरात गेलं. आज ग्रीक माणूस चांगलं ग्रीक खायला हॉटेलात जात नाही, आईकडे जातो. हॉटेल उरलं ते तुमच्या-आमच्यासाठी आणि त्यांच्या नातवंडांसाठी. म्हणून शहरात शोधताय ते मिळायला अवघड जातंय.

आपल्या लोकांचं वेगळं. श्वेत ऑस्ट्रेलियाचं धोरण १९७३ मध्ये निकालात निघालं, त्यानंतर आपण आलो, तेही शिकून-सवरून, बायको-पोरांसकट. खाणावळींची गरजच पडली नाही. म्हणून मेलबर्नमध्ये चांगलं मराठी हॉटेल कुठे, असा धागा काढलात तर त्यावर दोन प्रतिसादही येणार नाहीत.

टिल्लू
मुशाफिरकाका, यावर वेगळा धागा काढा, प्लीज.

इतिहासाचार्य_नाही
विषय ग्रीकांचा निघालाच आहे तर: कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती सापडली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे आपल्याकडे त्यांचं येणं-जाणं दोन हजार वर्षांचं.

कोल्हापुरी_ठसका
बघा, देव आला तोही कोल्हापूरलाच आला. तांबडा-पांढरा चाखायला.

भोचकभवानी
आणि मेनूत लेट्यूस नव्हतं म्हणून राहिला.

मांडवीतीर
गोव्याहून हजेरी. इथं ग्रीक म्हटलं की सगळे थलासाचं नाव घेतात. आधी वागातोरला कड्यावर होतं, आता शिवोलीला. सूर्यास्ताला लोक ताटाकडे कमी आणि फोनमधून आकाशाकडे जास्त बघत असतात. तुमच्या धाग्यात त्याचा उपयोग शून्य, पण कुणी गोव्यात येणार असेल तर म्हणून.

यारावाकाठी
मांडवीतीर, शून्य कसा, बाबांनी तोच व्हिडिओ बघून हे खूळ डोक्यात घेतलंय!

शेवंती_जर्सी
ताटल्या फोडतात का हो तिकडे? माझ्या मुलाला फक्त तेवढंच बघायचंय.

गवतीचहा
आमच्याकडे ताट फोडलं तर पगारातून कापायचे. :) पर्यटकांसाठी काही ठिकाणी खोट्या प्लास्टरच्या ताटल्या ठेवतात. हल्ली लग्नांत वगैरे फुलं किंवा कागदी रुमाल उधळतात.

नास्तिक_नारायण
गोडाचं कुणीच बोललं नाही. त्यांचा रव्याचा हलवा खाल्लाय का? एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन भाग साखर, चार भाग पाणी. प्रमाण एवढं सोपं की लिहून ठेवावं लागत नाही. रवा तेलात बदामीपेक्षा जरा जास्तच खमंग भाजायचा, साखरेचा दालचिनी-लवंग घातलेला पाक ओतायचा, साच्यात घालून थंड करायचा, वड्या पाडायच्या. उपवासाचाच पदार्थ, दूध-तूप काही नाही. शेजारच्या ग्रीक आजींनी दिला तेव्हा मी त्यांना आपला सत्यनारायणाचा शिरा करून दिला. त्या म्हणाल्या, "चांगलंय, पण तेल का नाही घातलं?"

पेठकर_मेलबर्नकर
नास्तिक माणसानं सत्यनारायणाचा शिरा केला, याची इतिहासात नोंद व्हावी.

नास्तिक_नारायण
पूजा केली नाही. केळं मात्र घातलं.

यारावाकाठी
बापरे, एवढे प्रतिसाद. गवतीचहा, भोचकभवानी, शेवंती, खूप आभार. आता असं ठरवतोय: एक दिवस दुपारी ओकलीला फक्त कॉफी-केक. एक दिवस संध्याकाळी लवकर लॉन्सडेल स्ट्रीट. आणि एक दिवस खरं जेवण, भाज्यांवाल्या ठिकाणी. पण ते ठिकाण शोधायचं कुठं? मेनू ऑनलाइन बघतोय, सगळीकडे लॅम्ब, लॅम्ब, कालमारी, लॅम्ब.

गवतीचहा
ऑनलाइन मेनूत ते सहसा नसतं, कारण रोज वेगळं असतं. फोन करा, सकाळी अकराच्या आसपास, गर्दी नसताना. 'आज लादेरा काय आहे?' एवढंच विचारा. समोरच्यानं लगेच तीन नावं घेतली तर टेबल राखून ठेवा. 'व्हेजिटेरियन प्लॅटर आहे' असं उत्तर आलं तर आभार माना नि फोन ठेवा. ओकली, नॉर्थकोट, थॉर्नबरी, प्रेस्टन या भागांतच फोन फिरवा. नदीकाठच्या चकचकीत ठिकाणांवर पैसे घालवू नका.

आणखी एक. बिल आपण मागितल्याशिवाय येत नाही. वेटर दुर्लक्ष करतोय असं बाबांना वाटेल, पण जेवल्या-जेवल्या बिल आणून ठेवणं त्यांच्यात उद्धटपणाचं मानतात.

कोल्हापुरी_ठसका
बाबा तिखट खाणारे असतील तर तिरोकाफ्तेरी मागवा, फेटा आणि मिरचीचं वाटण. आणि बुकोवो म्हणजे भरड लाल मिरची मागून घ्या, टेबलावर ठेवत नाहीत. त्याशिवाय ते जेवण आपल्या जिभेला पथ्याचं वाटतं, कितीही कौतुक केलं तरी.

मुशाफिर_जुना
२५ मार्चला जमत असेल तर बघा. त्यांचा स्वातंत्र्यदिन (१८२१ च्या उठावाचा) आणि मेरीचा सण एकाच दिवशी असतो. एवढ्या उपवासात त्या दिवशी माशाला सूट, म्हणून तळलेला कॉड मासा आणि स्कोर्दालिया ही लसणाची चटणी जागोजागी मिळते. बाबा मासे खात असतील तर चैन.

खादाडराव
बाबा मटणवाले आहेत, मुशाफिरकाका. शीर्षक. :)

यारावाकाठी
(दीड महिन्यानंतर वर काढतोय.)

जाऊन आलो. गवतीचहांच्या सांगण्याप्रमाणे फोन फिरवले. बहुतेक ठिकाणी प्लॅटरच ऐकायला मिळालं. शेवटी उत्तरेकडच्या एका छोट्या जागी फोनवरच्या बाईनं भेंडी, यिगांतेस, फावा आणि होर्ता असं धडाधड सांगितलं, वर विचारलं, "किती माणसं, आणि उपवास कोणाचा आहे?" तिथंच टेबल घेतलं.

आईनं फावा (पिवळ्या डाळीचं घोटलेलं, वर कच्चा कांदा आणि तेल) दोनदा मागवलं. भेंडी कोमट आली. तिनं गरम करून मागायला तोंड उघडलं, मी टेबलाखालून पाय दाबला. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. त्यावर तिचं मत: फोडणी राहिली. बाबांनी लॅम्बचा खांदा संपवला, हाडं साफ केली, मग म्हणाले, मटण उत्तम आहे, मसाला बाजूला द्यायला विसरले बहुतेक. बुकोवो मागवल्यावर शांत झाले.

ओकलीलाही गेलो. बाबा तिथल्या आजोबांसारखे फ्रापे घेऊन दोन तास बसले, उठेनात. मीच तिसरी कॉफी घेतली.

टिल्लू
सगळं झालं, त्या छोट्या जागेचं नाव?

यारावाकाठी
टेबलं मोजकी आहेत हो. इथं लिहिलं तर आपलं निम्मं मंडळ शनिवारी तिथं असेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खादाडराव
मलाही व्यनि.

शेवंती_जर्सी
मलाही. येणार नाहीये, पण माहीत असावं.

कोल्हापुरी_ठसका
कोळसा होता का तेवढं इथंच सांगा. नाव व्यनित.

भोचकभवानी
आणि सॅलडमध्ये लेट्यूस?

यारावाकाठी
कोळसा होता. लेट्यूस नव्हतं.